द्राक्षाचा घड उचलणारा रोबोटचा हात: माणसाच्या हातातून नेमकं काय घ्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या काही विद्यार्थ्यांना तासगाव भागातल्या पॅकिंग शेडसाठी द्राक्षाचा घड उचलून डब्यात ठेवणारा रोबोटचा हात करायचा आहे. थ्रीडी प्रिंटरवर पाच बोटांचा, माणसासारखा पंजा छापायचा आणि प्रत्येक बोटाला सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी) मोटर लावायची, असा त्यांचा बेत आहे. माणसाच्या हाताचं कौशल्य डिझाइनमध्ये खरोखर कसं उतरवतात, असं त्यांनी विचारलं आहे.

तुमची जिद्द मला मनापासून आवडली, पण पाच बोटांचा बेत सोडा असं मी आधीच सांगतो. माणसाच्या हातातून घेण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त बोटांची संख्या आणि पंजाचा आकार या गोष्टी त्यात सगळ्यात शेवटी येतात. आधी येतं ते हे: हात वस्तूला कुठे धरतो, कुठे शिवायचंही टाळतो, किती जोर लावतो, वस्तू निसटायला लागली हे त्याला कसं कळतं आणि तो आपणहून कधी सैल पडतो. बरीच वर्षं मी कारखान्यांसाठी ग्रिपर, म्हणजे रोबोटच्या टोकाला वस्तू पकडणारा भाग, बनवतो आहे. जे ग्रिपर लाइनवर टिकले त्यांतला एकही दिसायला हातासारखा नव्हता. पण त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी हातांकडे तासन्‌तास बघून सुचलेला होता.

तेव्हा सुरुवात शेडपासून करू. द्राक्षं भरणाऱ्या बायकांचे हात नीट बघा. मुरलेली बाई घडाला मण्यांवर धरतच नाही. चिमटीत देठ धरते आणि घड लोंबता ठेवते. दुसऱ्या हातात छोटी कात्री असते, तिने फुटका, डागी किंवा बारीक मणी टोकानेच काढते. याला कारण आहे. द्राक्षाच्या मण्यावर मेणाचा पांढुरका नैसर्गिक थर असतो, तो बोट लागलं की पुसला जातो आणि डाग कायमचा दिसतो. निर्यातीच्या मालात तो थर म्हणजे ताजेपणाची खूण. शिवाय मणी दाबला गेला की देठाशी सैल होतो आणि पुढे पेटीत गळतो. म्हणजे या कामातलं निम्मं कौशल्य हात न लावण्यात आहे. तुमचा पाच बोटांचा पंजा घडाला सुरेख कवेत घेईल, आणि तिथेच माल बाद होईल.

याचा अर्थ तुम्हाला देठ पकडणारी दोन बोटं हवीत आणि घडाच्या खालून अलगद आधार देणारं काहीतरी हवं. जड घड उचलताना बाई काय करते तेही बघा. कात्री बाजूला ठेवून ती दुसरा तळवा घडाखाली नेते, पण त्याने घड उचलत नाही. वजन देठावरच असतं, तळव्याने फक्त झोका थांबतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘दोन हात’ म्हटलं की आपण लगेच दोन सारखे हात डोळ्यासमोर आणतो. इथे एक हात भार घेतो आणि दुसरा हालचाल शांत करतो. तुमच्या यंत्रात दुसऱ्या हाताच्या जागी मऊ स्पंजाचं एक ताट पुरेल.

झोक्याचा हिशेब कागदावर करून बघा. देठापासून घडाचा गुरुत्वमध्य सुमारे १५ सेंटीमीटर खाली धरला, तर लंबकाच्या सूत्राने जाऊन परत येणाऱ्या एका पूर्ण झोक्याला साधारण ०.८ सेकंद लागतात. रोबोट झटक्याने निघाला आणि झटक्याने थांबला तर घड त्या तालात हेलकावे खात राहतो. उपाय साधा आहे. हालचालीची आज्ञा दोन निम्म्या भागांत द्या आणि दुसरा भाग अर्ध्या झोक्याने, म्हणजे ०.४ सेकंदाने उशिरा सुरू करा. पहिल्याने उठलेला झोका दुसरा खाऊन टाकतो. पाण्याने काठोकाठ भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई हेच करत असते, फक्त आकडेमोड न करता.

आता जोर. समजा घड ५०० ग्रॅमचा आहे, म्हणजे वजन सुमारे ५ न्यूटन. दोन्ही बाजूंनी दाबणारी दोन पॅडं आणि घर्षणगुणांक (पॅडवर देठ किती घसरतो ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे जास्त निसरडा) ०.५ धरला तर नुसतं तोलून धरायला प्रत्येक पॅडला ५ न्यूटन दाब लागतो. वर उचलताना गुरुत्वाच्या निम्मा प्रवेग दिला तर तो ७.५ वर जातो. दीडपट राखीव धरा, म्हणजे ११ न्यूटनच्या आसपास. देठ ओला असेल तर गुणांक घसरतो आणि हा आकडा वाढतो. मध्यम आकाराच्या साध्या सर्व्होला हा जोर झेपतो. तेव्हा अडचण ताकदीची नाही. खरी अडचण ही की घर्षणगुणांक आधी माहीत नसतो. सकाळचा देठ वेगळा, दुपारचा वेगळा.

माणूस ही अडचण कशी सोडवतो, यावर स्वीडनमधल्या उमेओ इथे रोलँड योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम वाचायलाच हवं. त्यांनी लोकांना अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत एक छोटी वस्तू उचलायला दिली आणि तिचा पृष्ठभाग बदलत नेला: कधी पॉलिश पेपर, कधी मऊ चामडं, कधी रेशीम. वजन तेच राहिलं, तरी रेशमावर बोटांनी जास्त दाब दिला आणि पॉलिश पेपरवर कमी. निसटण्यासाठी लागतो त्याच्या थोडासाच वर दाब ठेवायचा, ही हाताची सवय त्यातून मोजून दिसली. वस्तू किंचित घसरली की सुमारे ७० ते ८० मिलिसेकंदांत पकड आपोआप घट्ट व्हायची. डोळ्यांनी बघून मुद्दाम हालचाल करायला आपल्याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे ही दुरुस्ती लक्षात येण्याआधीच होऊन जाते. बोटं बधिर केली तेव्हा मात्र हा नेमकेपणा गेला. स्नायू तेच, हाडं तीच, पण पृष्ठभागाप्रमाणे दाब जुळवणं जमेना.

कौशल्य कुठे राहतं याचं उत्तर मला या प्रयोगात मिळतं. तळहात आणि बोटांच्या बिनकेसाळ त्वचेत स्पर्शाचे सुमारे १७,००० ग्राहक असतात असा अंदाज आहे, आणि ते चार प्रकारचे असतात. काही सतत दाब सांगतात, काही कातडी ताणली गेल्याचं सांगतात, काही स्पर्श झाला किंवा सुटला एवढंच सांगतात. पॅसिनियन नावाचे ग्राहक २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासच्या बारीक थरथरीला सगळ्यात जास्त जागे असतात. एवढे सगळे तुम्हाला बनवता येणार नाहीत, आणि गरजही नाही. घसरण्याची थरथर पकडणारा एकच ग्राहक बनवा. मिरजेच्या वाद्यांच्या दुकानात वाद्याचा आवाज टिपणारा पिकअप मिळतो, त्यात थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी पिएझोची चकती असते. तसली एक चकती सिलिकॉनच्या पॅडमागे चिकटवा, तिचा सिग्नल सेकंदाला निदान दोन हजार वेळा वाचा, मोटरची घरघर फिल्टरने कमी करा. थरथर उठली की पकड थोडी आवळा. छंदासाठी मिळणाऱ्या सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी नवी आज्ञा देता येते, त्यामुळे माणसाच्या ७०-८० मिलिसेकंदांच्या जवळ जाणं तुमच्या आवाक्यात आहे. एवढं जरी चाललं तरी तो प्रकल्प पाच बोटांच्या शोभेच्या पंज्यापेक्षा मला कितीतरी मोलाचा वाटेल.

स्पर्शाचे याहून बारीक सेन्सर हवेत तर २००९ मध्ये एमआयटीत दाखवलेल्या जेलसाइटची कल्पना वाचा. पारदर्शक मऊ जेल, त्यावर परावर्तक थर, आत दिवे आणि कॅमेरा. वस्तू टेकली की जेल दबतं आणि त्या दबण्याचं चित्र कॅमेऱ्याला मिळतं. या प्रकल्पाला ते लागणार नाही.

बोटांच्या रचनेबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण पाच मोटरींच्या कल्पनेचं मूळ तिथे आहे. माणसाच्या हातात २७ हाडं असतात. बोटांच्या पेरांत त्यांना वाकवणारा स्नायू नाही. हालचाल तळहातातल्या आणि कोपराखालच्या स्नायूंकडून कंडरांमार्फत येते. मोटरी बोटांतून काढून मनगटामागे नेण्याची पद्धत इथूनच आली, आणि ती चांगली आहे: टोकाचं वजन कमी झालं की हात चपळ होतो. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे कळली. सँटेलो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये लोकांना ५७ परिचित वस्तू धरल्याची कल्पना करून हात तसा आकारायला सांगितलं आणि सांध्यांचे कोन मोजले. हाताच्या आकारांतला ८० टक्क्यांहून जास्त फरक फक्त दोन एकत्रित हालचालींत बसला. म्हणजे मेंदू प्रत्येक सांधा सुटा हलवत बसत नाही. बरेच सांधे एका आज्ञेत मिळून हलतात. पिसा विद्यापीठ आणि इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या सॉफ्टहँडमध्ये १९ सांधे आहेत आणि मोटर एकच. एकच दोरी सगळ्या बोटांतल्या कप्प्यांवरून फिरते. ज्या बोटाला वस्तू आधी लागली ते थांबतं, बाकीची पुढे जात राहतात, आणि पंजा वस्तूच्या आकाराला आपोआप बसतो. जपानमध्ये शिगेओ हिरोसे यांनी असा साखळीवजा मऊ ग्रिपर १९७८ मध्येच करून दाखवला होता. तुम्हाला पुढे कधी बटाटे, आलं, हळदीचे गड्डे अशा वेड्यावाकड्या आकाराच्या आणि दाबल्याने न बिघडणाऱ्या मालासाठी ग्रिपर करायचा झाला, तर हा मार्ग धरा.

पाच बोटांचा हात कुठे लागतो? कृत्रिम हातात, कारण तिथे माणसाला तो स्वतःचा म्हणून वापरायचा असतो. आणि जिथे हत्यारं, हँडलं, बटणं माणसाच्या हातासाठीच घडलेली आहेत आणि बदलता येत नाहीत, तिथे. २०१९ मध्ये ओपनएआयने शॅडो कंपनीच्या २४ सांध्यांच्या हाताकडून एकहाती रुबिक क्यूब सोडवून घेतला. त्यासाठी सिम्युलेशनमध्ये प्रचंड सराव लागला, तरी क्यूब बऱ्याचदा हातातून पडायचा. संशोधन म्हणून मला त्या कामाचा आदर आहे. तुमच्या शेडला त्याचा उपयोग नाही.

पकडीचं वर्गीकरण कामावरून करायचं की वस्तूवरून, हा जुना प्रश्न आहे आणि इथे दोन जणांचं काम तुमच्या विषयाला थेट लागू पडतं. १९५६ मध्ये जॉन नेपियर यांनी पकडीचे दोन मोठे प्रकार सांगितले होते: मुठीतली ताकदीची पकड आणि बोटांच्या टोकांची नेमकी पकड. पुढे मार्क कटकोस्की यांनी छोट्या प्रमाणावर सुटे भाग बनवणाऱ्या मशिनिस्टांचे हात बघितले, ते कुठलं हत्यार कुठल्या कामाला कसं धरतात ते नोंदवलं आणि १९८९ मध्ये पकडींची एक झाडासारखी मांडणी प्रसिद्ध केली. रोबोटिक्सवाले ती आजही वापरतात. माझ्या दृष्टीने त्यातलं खरं सार हे की एकाच वस्तूची पकड कामाप्रमाणे बदलते. मळसूत्र सुटत नसेल तेव्हा पाना मुठीत येतो, ते सैल झालं की तोच पाना बोटांच्या टोकांवर जातो.

कुपवाडच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये कानस मारणाऱ्या जुन्या फिटरला हेच लक्ष देऊन बघा. उजव्या हातात मूठ, डावा हात कानशीच्या टोकावर. कानस पुढे जाताना डाव्या हाताचा दाब कमी होत जातो आणि उजव्याचा वाढत जातो. तसं केलं नाही तर कानस डोलते आणि पृष्ठभाग मधे फुगीर राहतो. इथे हात जागा सांभाळत नसून जोर सांभाळतो आहे. रोबोटला फक्त ‘अमुक बिंदूपासून तमुक बिंदूपर्यंत जा’ एवढंच येत असेल, तर पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर वर असला की तो एकतर हत्यार मोडेल किंवा हवेत कानस मारेल. नेव्हिल हॉगन यांनी १९८५ मध्ये इम्पिडन्स कंट्रोल मांडलं ते यासाठीच: यंत्राने नुसती जागा धरून न ठेवता, ढकललं तर किती ढळायचं हेही ठरवून घ्यायचं.

याचं एक बिनमोटरचं रूप त्याआधी, १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या ड्रेपर लॅबोरेटरीत निघालं होतं. दांडा भोकात बसवताना माणूस मनगट सैल सोडतो, दांडा किंचित तिरपा टेकवतो आणि भोकाच्या कडेलाच त्याला सरळ करू देतो. ड्रेपरच्या लोकांनी रोबोटच्या मनगटात रबराच्या थरांची अशी जोडणी बसवली की तिचा लवचीकपणाचा मध्य दांड्याच्या टोकाशी येतो. त्यामुळे कडेचा धक्का दांड्याला तिरपा न करता नुसता बाजूला सरकवतो आणि दांडा अडकत नाही. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. माणसाच्या हाताची नक्कल म्हणून मला ही सगळ्यात सुंदर वाटते, आणि ती हातासारखी जराही दिसत नाही. तुमच्याही ग्रिपरच्या मनगटात दोन दिशांना थोडं लवणारा रबराचा तुकडा ठेवाच. देठ कॅमेऱ्याने सांगितलेल्या जागी दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असणारच.

मिरजेचा विषय निघाला आहे तर जवारीबद्दल, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती वाद्याची घोडी घासून आवाज जुळवण्याच्या कामाबद्दल, लिहिल्याशिवाय राहवत नाही. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि मिरज सतार-तानपुऱ्यांचं गाव झालं; २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, आणि तार त्या उतारावर टेकत-सुटत वाजते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं की या घोडीमुळे तारेच्या नेहमीच्या नियमाने गप्प राहायला हवेत असे स्वरांशही मोठ्याने ऐकू येतात. आता कारागीर काय करतो ते बघा. थोडं घासतो, तार चढवतो, छेडतो, ऐकतो, तार बाजूला करून पुन्हा थोडं घासतो. घोडीचा उतार त्याच्या बोटाला जेवढा कळतो त्याहून जास्त तारेच्या आवाजातून कळतो. मोजायचं यंत्र म्हणून तो वाद्यच वापरतो आहे.

हळदीचा व्यापारीही मार्केट यार्डात हळकुंड मोडून बघतो. नीट वाळलेलं हळकुंड मोडताना धातूसारखा टणक आवाज येतो. लेडरमन आणि क्लॅट्झकी यांनी १९८७ मध्ये हीच गोष्ट पद्धतशीर नोंदवली: खरखर कळायला बोट आडवं फिरवतो, कठीणपणा कळायला दाबतो, वजन कळायला उचलून तोलतो, आकार कळायला कडेकडेने बोट नेतो. हाताला माहिती हवी असते म्हणून तो हलतो. तुमच्या रोबोटलाही अशी एक चौकशीची हालचाल द्या. देठ धरल्यावर घड पूर्ण न उचलता एक सेंटीमीटर वर घ्या आणि क्षणभर थांबा. पिएझोने थरथर सांगितली तर पकड आवळा, मनगटातल्या लोड सेलने (वजन मोजणाऱ्या सेन्सरने) वजन सांगितलं तर त्याप्रमाणे वेग ठरवा. सोडतानाही तसंच. मुरलेली बाई घड डब्यात टेकला म्हणून लगेच सोडत नाही. चिमटीतला भार उतरल्याचं कळलं की सोडते. लोड सेलवरचं वजन शून्याजवळ येईपर्यंत बोटं उघडू नका.

जवारी रोबोटकडून करून घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं मत नाही असं आहे. ते काम करणारे कान आणि हात अजून गावात आहेत, आणि त्यांचं पोट त्यावर आहे. मोजमाप घ्यावं, उताराचे आलेख काढावेत, शिकणाऱ्या मुलांना ते द्यावेत. त्याने कारागिराचा फायदा होईल.

आता प्रत्यक्ष कामाला कसं लागायचं ते सांगतो. ऑक्टोबर छाटणीचा माल जानेवारीनंतर शेडमध्ये येऊ लागतो. तोपर्यंत काहीही छापू नका. शेडमालकाची परवानगी घ्याच, पण ज्यांचे हात टिपणार आहात त्या बायकांना आधी विचारा, का टिपतोय ते समजावून सांगा आणि त्यांचा वेळ मोडला तर त्याची मजुरी द्या. हल्ली रोबोटला माणसाच्या हालचालींच्या नोंदींवरून शिकवतात आणि त्या नोंदी विकल्याही जातात. ज्या मावशींच्या हातावरून तुमचा प्रकल्प उभा राहणार, त्यांचं श्रेय अहवालात त्यांच्या संमतीने लिहिलं गेलं पाहिजे. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि नंतर बसून नोंदी काढा: पहिला स्पर्श कुठे झाला, त्या वेळी दुसरा हात काय करत होता, नजर कुठे होती, घड कुठे टेकवून फिरवला. घड टेबलाच्या कडेचा किंवा डब्याच्या भिंतीचा आधार घेऊन वळवला जातो तेव्हा तिथे एक लाल खूण करा. तो आधार तुमच्या यंत्राला फुकट मिळणार आहे.

त्यानंतर दोन चाचण्या. पहिली, एखाद्या मावशींना जाड हातमोजे घालून तेच काम करायला सांगा. ज्या पायरीवर त्या अडतात तिथे स्पर्शाची गरज आहे, तिथेच सेन्सर लावा. जिथे फरक पडत नाही तिथे पैसे घालू नका. दुसरी चाचणी माझ्या सगळ्यात विश्वासाची आहे. त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला साधा चिमटा द्या, टोकांना रबर लावून, आणि त्याच चिमट्याने घड डब्यात ठेवायला सांगा. त्यांना ते जमलं तर दोन बोटांचा ग्रिपर या कामाला पुरतो हे सिद्ध झालं, आणि पुढचे सगळे कष्ट जोर, वेग आणि नजर सुधारण्यावर घाला. जमलं नाही तर नेमकं कुठे जमलं नाही ते बघा. तेवढीच एक भर ग्रिपरमध्ये घाला.

पॅडसाठी शोअर ए २० ते ३० कडकपणाच्या, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉनपासून सुरुवात करा. पॅडवर देठाच्या जाडीची उथळ आडवी खाच ठेवा, म्हणजे देठ चिरडणार नाही आणि बाजूला सरकणारही नाही. पॅड स्क्रूने न बसवता सरकवून बसेल असं करा, कारण द्राक्षाचा रस सुकला की तो चिकट होतो, घर्षण बदलतं, आणि पॅड दिवसातून बऱ्याच वेळा काढून धुवावं लागतं.